शंभरांतला एक डोळा

३ जुलै २०१४

पूल! कोणी मागितला होता पूल?

शाळेतल्या नेवेनाबाईंनी आज वाचनघरात सगळ्यांना बोलावून सांगितलं, यंदा एकोणतीसच्या खेळात आंधळ्यांची रांग ओढ्यातून जाणार नाही. पाणचक्कीच्या पाटावर फळ्या टाकून नवा पूल केलाय, त्याच्यावरून जाणार. टीव्हीवाले येणार आहेत. उतारावरून रांग खाली येते, पुलावर चढते, मागे बेलासित्सा डोंगर – "चित्र फार सुंदर येईल, झाफिरकाका."

चित्र म्हणे. हजार वर्षांपूर्वी ग्रीकांच्या सम्राट वासिलीने इथेच, या डोंगराखाली, आमच्या बल्गेरियाच्या झारच्या चौदा हजार माणसांचे डोळे काढले. शंभरांत एकाचा एक डोळा ठेवला, बाकीच्यांना घरी न्यायला कोणी तरी हवं म्हणून. ती माणसं काय सुंदर दिसायला चालली होती?

तो शंभरांतला एक मी. तेवीस वर्षं मीच. झार सामुइल भाषण करतो, सम्राट भाषण करतो, मला एक शब्द नाही. मी फक्त चालतो. पण कोणालाही विचारा, सगळा खेळ माझ्यावर असतो. माझ्यामागे पंधरा माणसं, प्रत्येकाचा हात पुढच्याच्या खांद्यावर, आणि डोळ्यांवर पट्टी. पट्टी खरी. फट ठेवायची नाही, हा आमचा नियम. माझ्या वडिलांच्या काळात मेतोदी म्हणून एकाने पट्टीखालून बघितलं आणि ते उघडकीला आलं. मरेपर्यंत त्याला 'डोकावू' म्हणत होते. त्याच्या नातवंडांना अजून 'डोकावूचे' म्हणतात, आणि त्यातली एक तर आता डॉक्टरीण आहे.

ओढ्याची वाट माझ्या पायांना पाठ होती. पूल कुठून आणला मध्येच!

४ जुलै

झोप नाही लागली. पुलाला कठडे नाहीत. बाईंना विचारलं तर म्हणाल्या, कठडे चित्रात आडवे येतात.

६ जुलै

इथे कोणी वाचत नाही, म्हणून लिहितो. माझा उजवा डोळा गेलाय. म्हणजे आहे, पण दुधात बुडवल्यासारखा. उजेड कळतो, सावली कळते. माणूस आला हे कळतं, कोण आला ते कळत नाही. गेल्या वर्षी निम्मंअर्धं दिसत होतं, तेव्हा निभावलं. डावा ठीक आहे, त्याच्यावरच हे लिहितोय. तरी ओळ तिरपी जाते.

आणि खेळात माझी पट्टी डाव्यावर! कायम डाव्यावर. वाचनघराच्या भिंतीवर पूर्वीच्या पाद्र्याने चित्र काढलंय, त्यात एकडोळ्याचा उजवा उघडा आहे. झालं, तोच कायदा. यंदा माझंच तोंड छापून पेत्रिच शहरभर भिंतींवर चिकटवलंय. उजवा डोळा हा एवढा, पावासारखा.

पट्टी बांधली की मी त्या पंधरांसारखाच. आणि पुढे मी!

७ जुलै

बायकोला, स्लावकाला, सांगितलं नाही. सांगितलं तर म्हणेल, पेत्रिचला चल, डॉक्टर मोतीबिंदू काढतील. डोळ्यात सुरी घालणार! हजार वर्षं आम्ही ज्या गोष्टीसाठी रडतोय ती हौसेने करून घ्यायला जाऊ?

आणि तिला सांगितलं तर सकाळी ते विहिरीवर जाणार, दुपारी त्रायकोकडे.

९ जुलै

त्रायको. शेजारी. तंबाखूच्या शेडची भिंत आमच्या दोघांत सामाईक, बाकी काही नाही. एकोणीस वर्षं तो सम्राट वासिली होतो, कारण दाढी त्याला आहे. गावातली पोरं त्याला बघितलं की डोळे झाकून घेतात. बायका त्याला नरम टोमॅटो मारतात, चांगले विकायला ठेवतात. एकदा माझ्याकडे येऊन म्हणाला होता, "अदलाबदल करू या की. तू होतोस का सम्राट? तुझं तोंडही तसं आंबटच आहे." मी नाही म्हटलं. तेव्हापासून त्याचा डोळा माझ्या डोळ्यावर आहे, हे मला पक्कं माहीत आहे.

आज बाईंनी नवीनच काढलं. यंदा सम्राट खराखुरा ग्रीक! खिंडीपलीकडचा औषधवाला आहे, स्तेर्यो नावाचा. दाढी कमरेपर्यंत. हजार वर्षांनी दोन्ही बाजूंनी एकत्र यायचं, असं बाईंचं म्हणणं. माणूस बरा वाटला. मोडकं का होईना, आमचं बोलतो. म्हणाला, "आमच्याकडे वासिलीच्या नावाचा रस्ता आहे." त्रायको म्हणाला, "आमच्याकडे त्याच्या नावाचं गाढव आहे. रस्त्यापेक्षा जास्त कामाचं." ग्रीक इतका हसला की त्याला ठसका लागला.

म्हणजे त्रायको आता मोकळा. कुठे जाणार? बाई म्हणाल्या, रांगेत घेऊ. त्रायको लगेच, "मग मला पहिला ठेवा. झाफिरच्या मागे."

का? माझ्याच मागे का?

१० जुलै

आज दिवसभर त्याच विचारात. टीव्हीसमोर मला पाटात पाडायचं, म्हणजे पुढच्या वर्षी जागा त्याची. दुसरं काय असणार!

१२ जुलै

स्लावकाला काय झालंय कळत नाही. चाळीस वर्षं मीठ उजव्या हाताला असायचं, आता रोज डावीकडे ठेवते. बादली दारातून उचलून भिंतीला नेली. अंगणातली झाडाखालची खुर्ची कुठे गेली विचारलं तर म्हणे, "मोडली होती." मोडली नव्हती. मीच बसायचो तिच्यावर. म्हातारपणी बायकांना घर हलवायची लहर येते.

१३ जुलै

पट्ट्यांवरून भांडण. जुन्या पट्ट्या जाड घोंगडीच्या होत्या, माझ्या आईच्या काळच्या. त्या पेटीत सापडेनात. स्लावका म्हणाली, उंदरांनी खाल्ल्या. एक तेवढी राहिली, माझी. उंदीर माझी सोडून बाकीच्या पंधरा खातात? शहाणे उंदीर आहेत.

मग हिने आपलं आपण ठरवलं आणि चीज गाळायच्या कापडाचा अख्खा तागा फाडला. हिरव्या अक्रोडाच्या सालींत उकळून काळपट केला. आता चीज कशात गाळणार? माझ्या टोपीत?

"म्हाताऱ्या, तू तुझं चालायचं बघ," म्हणाली. "कापडाचं आम्ही बायका बघतो."

१५ जुलै

पहाटे पुलावर गेलो होतो. एकटाच. डाव्या डोळ्यावर हात धरून चालून बघितलं. उतारावर ठीक. तिथे बोरीचं झुडूप पायाला लागतं, मग खडी, मग पुदिन्याचा वास आला की पाट जवळ. इथवर माझे पाय पक्के आहेत. पण पूल किंचित तिरपा टाकलाय! सरळ गेलो आणि उजवा पाय हवेत. गुडघा सोलवटला, विजार फाटली, एक चप्पल पाटातून वाहत गेली.

वर बघतो तर त्रायको, शेळी घेऊन उभा.

"काय करतोस?"

"गोगलगाई शोधतोय."

"जुलैत? पाऊस नाही, पाणी नाही?"

"सापडतात कधी कधी."

काही न बोलणारा त्रायको मी आयुष्यात पहिल्यांदा बघितला. खाली उतरला, वाकून चप्पल काढली, माझ्या हातात दिली आणि शेळीला शिव्या देत निघून गेला. ओळखलं त्याने. मेलो मी.

१६ जुलै

अजून गावात बोभाटा नाही. कशासाठी थांबलाय?

१८ जुलै

वाचनघरात गेलो होतो बाईंना सांगायला. खरंच. दारापर्यंत वाक्य तयार होतं – बाई, यंदा दुसरा कोणी बघा.

आत बाई एकट्याच होत्या. डोकं टेबलावर. पेत्रिचहून येणारा बँड येत नाही म्हणून कळवलं होतं, झारच्या झग्याला कसर लागलेली, आणि झार होणारा ल्युपचो – आमचा बसवाला – दोन तालमींना पिऊन आलेला. मला बघून म्हणाल्या, "काका, बरं झालं आलात. या सगळ्यात मला तुमची एकट्याची काळजी नाही बघा."

मी म्हटलं, "बाई, पट्टी यंदा उजव्या डोळ्यावर बांधली तर?"

"का हो?"

"सहजच."

"काका, सगळ्या पेत्रिचभर तुमचा उजवा डोळा लावलाय मी. तो आहे ना ठीक?"

मान हलवली. मग त्यांच्यासाठी कॉफी केली आणि परत आलो. डरपोक तो डरपोक!

२० जुलै, संत इलियाचा दिवस

आज घरातला सगळ्यात जुना कोंबडा कापतात. दरवर्षी खातो, कधी वाईट वाटलं नाही. आज घास उतरेना. तो शेवटी शेवटी चालताना खांबाला धडकायचा.

त्रायको कुंपणावरून म्हणाला, "सगळ्यात जुना कोंबडा शोधतायत गावात. झाफिर, तू आपला घरातच बस."

स्लावका एवढी हसली की कुंपणाला टेकली. दोघं मिळून हसले. हे बरं नव्हे.

२३ जुलै

तालीम. तालमीत पट्ट्या नसतात, म्हणून डाव्या डोळ्याने सगळं झ्याक. बाई खूश. स्तेर्यो सम्राटाच्या पोशाखात दगडावर उभा राहून आम्ही समोरून जाताना बघत होता. मधल्या सुट्टीत कलिंगड खाताना मला म्हणाला, "एक विचारू? सम्राटाने एक डोळा का ठेवला असेल? दया?"

मी म्हटलं, दया कसली. बाई शाळेत सांगतात क्रूरपणा, ते खरंच आहे. पण मी चौथीतून मेंढ्यांमागे गेलेला माणूस, मला वेगळं वाटतं. मेंढ्या हाकताना पुढच्या एकीला घंटा बांधतात. बाकीच्या तिच्यामागे. ती घंटा मेंढीसाठी नसते, धनगरासाठी असते. वासिलीला ती माणसं झारच्या दारात पोचवायची होती. वाटेत खड्ड्यात मेली असती तर झारला दिसली कशी असती? म्हणून दर शंभरांना एक घंटा.

आणि त्या एकाचे हाल सगळ्यांत वाईट. बाकीच्यांना अंधार. याला नव्व्याण्णव आंधळे दिसताहेत, रोज, घरापर्यंत. आणि चुकायची सोय नाही.

स्तेर्योने कलिंगडाच्या बिया बोटाने कडेला सारल्या. मग म्हणाला, "हे आमच्या रस्त्यावर लिहिलेलं नाही."

त्रायको बाजूलाच होता. म्हणाला, "आमच्या गाढवावरही नाही." पण हसला नाही.

२५ जुलै

दोन बादशहा डोंगराच्या दोन बाजूंना बसून वर्षानुवर्षं भांडले. एकाचं राज्य गेलं, एकाचं वाढलं. त्यांचे चारही डोळे शाबूत. गेले ते माझ्यासारख्यांचे.

उजवा आज आणखी पांढरा वाटतो. का उगीच वाटतं?

२७ जुलै

सरळ पळून जावं का? लेकीकडे प्लोवदिवला? पोटात दुखतंय म्हणून सांगावं? स्लावकाला म्हटलं, पोटात दुखतंय. तिने पुदिन्याचा काढा दिला आणि म्हणाली, "एकोणतीसला थांबेल." कडू जहर. पोटात खरंच दुखायला लागलं.

माझ्यामागे जे पंधरा चालणार त्यांतले चार सत्तरीच्या पुढचे. झ्लातानच्या कमरेच्या हाडात लोखंडी पट्टी आहे. एक पडला तर हात खांद्यावर असल्याने सगळे पडणार. पाट खोल नाही, पण तळाला दगड आहेत. टीव्ही गेला खड्ड्यात. माणसं पडतील!

उद्या सांगतो. नक्की.

२८ जुलै

नाही सांगितलं.

सकाळी गेलो तर वाचनघराबाहेर ते पंधराही उभे, त्रायको मधे, आणि स्लावका कापडांचं गाठोडं घेऊन. हळू आवाजात काही तरी चाललं होतं. मला बघितल्याबरोबर सगळे गप्प. झ्लातानने टोपी काढून परत घातली. माझी टवाळी चाललेली असणार, आणि त्यात माझी बायको. मी तिथूनच परत फिरलो.

जे व्हायचं ते होवो.

२९ जुलै

झालं. ओळी आज आणखीच तिरप्या येताहेत.

माणसं इतकी की टेकडी दिसत नव्हती. बाईंनी स्वतः माझी पट्टी बांधली, डाव्यावर, जुनी जाड घोंगडीची. वर रक्त म्हणून बिटाचा रस. बांधली आणि जग दूध झालं.

मग खांद्यावर त्रायकोचा हात पडला. म्हणाला, "चल, घंटे."

निघालो. बोरीचं झुडूप लागलं. खडी लागली. इथपर्यंत मी बरोबर होतो, शपथेवर सांगतो. पण याचा हात! हात कसला, सांडशी. मी जरा उजवीकडे झालो की डावीकडे दाबायचा, डावीकडे झालो की मागे खेचायचा. पुढे चालणारा मी की हा? नियमात बोलायचं नाही, नाही तर तिथेच ऐकवलं असतं.

पुदिन्याचा वास आला. पाय फळीवर पडला, पोकळ आवाज आला. आणि त्याची नखं माझ्या खांद्यात रुतली, अर्धवट वळवलं मला, जवळजवळ उचललं. मला वाटलं, आता ढकलतो. मी अंग ताठ केलं. मागून कोणी तरी फुसफुसलं, "सावकाश, सावकाश" – नियम मोडून! नवीन पिढीला शिस्तच नाही. मागचा झ्लातान सत्तर वर्षांचा आहे, पण तो लहानपणापासून तसाच.

पूल संपला. गवत लागलं पायाला. कधी संपला कळलं नाही.

ल्युपचोने आम्हाला बघितलं. आज प्यायलेला नव्हता. भाषण करायचं सोडून नुसता उभा राहिला म्हणे, मग गुडघ्यांवर कोसळला, तो आवाज मला आला. कोणी हुंदका दिला तो मला बाईंचा वाटला. स्तेर्योने म्हणे दगडावर उभ्याउभ्या डोक्यावरचा मुकुट काढून हातात घेतला होता. हे काही लिहिलेलं नव्हतं.

एकही माणूस पडला नाही. डोळ्याशिवाय नेले मी त्यांना! पायांनी नेले. हे कोणाला सांगता येत नाही हीच तर गोची.

जेवणाच्या वेळी राहवलं नाही. सगळ्यांदेखत त्रायकोला म्हटलं, "पुढच्या वर्षी हात हलका ठेव. ओढाओढ करून पाडणार होतास मला."

वाटलं, भांडेल. उलट बोलण्यात गावात त्याचा हात कोणी धरत नाही. पण तो म्हणाला, "चुकलं बाबा. हात जड आहे माझा."

सगळं टेबल आपापल्या पेल्यात बघत होतं. झ्लातानने माझ्या ताटात आपला मटणाचा तुकडा टाकला. मला काही उमजेना.

३० जुलै

खांद्यावर चार बोटं आणि एक अंगठा, जांभळे. स्लावकाने घरची दारू, राकिया, चोळली. कशाने झालं ते विचारलं नाही. मी तिला त्रायकोबद्दल जे बोलायचं ते सगळं बोलून घेतलं. ती म्हणाली, "हं."

३१ जुलै

टीव्हीवर दाखवलं. अर्धा मिनिट. पुलावर आमची रांग. सगळ्यांची तोंडं खाली, पायांकडे. आंधळी माणसं पायांकडे कशाला बघतील? बाईंना सांगायला पाहिजे, पुढच्या वर्षी मान वर ठेवा म्हणून.

२ ऑगस्ट

स्लावकाने पट्ट्या धुऊन दोरीवर वाळत घातल्या होत्या. एक काढून डाव्या डोळ्यावर धरली. बागेतली टोमॅटोची काठी न् काठी दिसली. कुंपण दिसलं, त्रायकोची शेळी दिसली. दुसरी धरली. तिसरी. पंधराही पट्ट्या बघितल्या. पंधराही डोकावू.

स्लावका बादली घेऊन येताना दिसली. थांबली, तेही दिसलं.

म्हणाली, "सोमवारी ल्युपचोच्या बसमध्ये जागा सांगून ठेवल्यात. पेत्रिचच्या डॉक्टरांकडे जायला. त्रायको येतो म्हणतोय. मी त्याला म्हटलं, म्हाताऱ्याला विचारते."

मी म्हटलं, येऊ दे. उतरताना खांद्यावर हात लागेल.